सुपारीची मुंज

चारठाणा, माघ वद्य द्वितीया, शके १८६१

चिरंजीव व्यंकटराव भावजी यांस मनकर्णाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. किशनला आठवं लागलं, त्याची मुंज वैशाखात परभणीला तुमच्या सासऱ्यांच्या घरी करायची ठरली, हे वाचून बरं वाटलं. सुमंगलेला सांगा, तिच्या लेकाचं सगळं चांगलं होईल.

बन्सीचं नाव मात्र पत्रात सापडलं नाही. शेवटी "घरची सर्व मंडळी खुशाल असावीत" असं आहे, त्या मंडळीत तो आला असावा. हैदराबादेत दफ्तरात दिवसभर उर्दू लिहून घरची नावं विसरत असाल, म्हणून आठवण देते. बन्सीधर हा तुमचा थोरला मुलगा. त्याची आई नर्मदा बाळंतपणात गेली. माझी लीला त्याच महिन्यात गेली होती आणि अंगावर दूध होतं. तुम्ही त्याला माझ्या पदराखाली घातलंत आणि म्हणालात, "वहिनी, हा आता तुमचा." मी ते खरं मानलं. पण "तो आता माझा नाही," असं तुम्ही तेव्हा म्हणाला नव्हतात.

तो मंद आहे. हे मी कधी झाकलं नाही. चालायला चौथं वर्ष उजाडलं. बोलतो ते थोडे शब्द, तेही मला कळतात तेवढे दुसऱ्याला कळत नाहीत. मला "कू" म्हणतो, काकूतलं निम्मं. आता बारावं चालू आहे. शेंगा फोडतो, गाय सोडून नेतो आणि परत आणतो. त्याला एका वेळी एकच काम सांगावं लागतं. दोन सांगितली की दोन्ही सोडून उभा राहतो आणि चूक आपली असल्यासारखा आपल्याकडे बघत बसतो.

दत्तोपंत भटजींना मी विचारलं. ते म्हणाले, "थोरल्याला ओलांडून धाकट्याची मुंज होत नाही, वहिनी. थोरला हयात नसला तर गोष्ट वेगळी."

मी म्हटलं, "हयात आहे. ओसरीवर बसून तुमच्या घरच्याच शेंगा फोडायलाय."

मुहूर्ताला पाहुणे विचारतील, थोरला कुठे आहे. तुम्ही काय सांगणार आहात ते मला आधी कळवा, म्हणजे इथं कुणी विचारलं तर माझंही उत्तर तेच राहील. मला दुसरं काही नको. मांडवात दोन पाट मांडा. तो तुमचा मुलगा आहे, हे चार माणसांत एकदा दिसू द्या.

पत्रं कुणाकडून लिहवून घेते, असं मागं विचारलं होतंत. मीच लिहिते. तुमचे भाऊ गेल्यावर त्यांची पोथी उघडून, तोंडपाठ असलेल्या ओव्यांवर बोट ठेवत अक्षरं ओळखीची केली. दुपारी काम नसतं.

मनकर्णा


चारठाणा, फाल्गुन वद्य अष्टमी, शके १८६१

चिरंजीव व्यंकटराव भावजी यांस अनेक आशीर्वाद.

दोन पाट मांडू, असं लिहिलंत. तुमचे सासरे अप्पाराव यांच्या ओळखीच्या शास्त्र्यांनीही तेच सांगितलं म्हणून मांडतो, हे लिहायची गरज नव्हती. पण असू द्या. पाट मांडला जातोय हे पुष्कळ आहे.

"मुलगा लोकांत नीट वागेल ना?" असं विचारता. वागेल. लोक नीट वागले तर.

त्याला मागून हात लावू नये. समोर येऊन आधी नाव घ्यावं. ताशा-वाजंत्री एकदम कानाशी सुरू झाली तर तो कान धरून खाली बसतो, तेव्हा उठवायची घाई करू नये, आपोआप उठतो. जेवायला वेळ लावतो, पानाबाहेर सांडतो. सुमंगला मातृभोजनाला बसेल तेव्हा तिला सांगा, भरवू नको, त्याला त्याच्या हातानं खाऊ दे. आणि त्याला हसू नये. कुणी हसलं की आधी तोही हसतो, मग त्याला कळतं की हसणं त्याच्यावरच आहे. ते कळतानाचं त्याचं तोंड मला बघवत नाही.

तुम्ही म्हणाल, वहिनी हे कुठं शिकली. मागं जिंतूरहून हळदीच्या पुडीला एक छापील कागद आला होता. अशा मुलांना कसं वाढवावं ते त्यात लिहिलं होतं. "प्रथम हे ध्यानात घ्यावे की" इथवर होतं, पुढचं फाटलेलं. पुढचं मी आणि बन्सीनं मिळून काढलं.

आता मुख्य गोष्ट. मुंजीत त्याचं डोकं भादरावं लागेल, आणि त्याला न्हाव्याचं भय आहे. ते का, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमचे भाऊ गेले आणि दहाव्या दिवशी माझे केस काढले. मी तयार नव्हते. बायकांनी मला धरलं. तुम्ही ओसरीवर होतात, तुम्हाला ऐकू आलं असेल. बन्सी आतच होता. त्याला काय कळतंय, म्हणून त्याला कुणी बाहेर नेलं नाही. त्याला एवढं कळलं, की धोकटी घेऊन एक माणूस येतो, घरातली माणसं धरतात, आणि त्यानंतर कू कुणाच्या लग्नाला जात नाही, सकाळी कुणाच्या समोर येत नाही. तेव्हापासून आमचा आश्रुबा न्हावी दारात दिसला की तो कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसतो. त्याचे केस मीच कात्रीनं कापत आले.

महिनाभर मी यावर काम केलं. आश्रुबाला बोलावलं आणि धोकटी उघडूच दिली नाही.

"मग मी न्हावी म्हून आलो का सोयरा म्हून?" त्यानं विचारलं.

"आज सोयरा. गूळ-शेंगा खा आणि जा."

पुढच्या खेपेला पाण्याची वाटी बन्सीच्या हातात दिली आणि आश्रुबाला म्हटलं, तू आपलं डोकं पुढं कर. बन्सी त्याचं डोकं भिजवत बसला. थांबेच ना.

"आरं बास की बामनदेवा! भादरायचं हाय का बुडवून मारायचं हाय?"

बन्सी एवढ्या मोठ्यानं हसला की शेजारची चतुराबाई काय झालं बघायला आली. त्यानंतरच्या खेपेला त्यानं कानामागचे केस काढू दिले. माझा तळहात त्याच्या गुडघ्यावर होता आणि सगळा वेळ तो माझ्या तोंडाकडे बघत होता. माझं तोंड हसरं असलं की त्याला चालतं. मी ते हसरं ठेवलं.

म्हणून मागते. आश्रुबाला बरोबर आणू द्या. आणि क्षौराच्या वेळेपुरतं मला त्याला दिसेल अशा ठिकाणी बसू द्या. विधवेनं मांडवात यायचं नसतं, हे मला सांगायला नको. मांडवात येत नाही. पहाटेची वेळ, परसदार, न्हाणीपाशी. तेवढंच.

मनकर्णा


चारठाणा, चैत्र वद्य द्वादशी, शके १८६२

चिरंजीव व्यंकटराव भावजी यांस आशीर्वाद.

उत्तर मिळालं. अप्पारावांचा ठरलेला न्हावी आहे आणि त्याचा मान मोडता येत नाही. बरं. आश्रुबाला सांगितलं तर म्हणाला, "ब्येस झालं माय. परभनीच्या न्हाव्याम्होरं माझा वस्तरा बोथटच की." हसून म्हणाला, पण जाताना बन्सीच्या डोक्यावरून हात फिरवून गेला.

दुसऱ्या मागणीवर तुम्ही "बघू" असं लिहिलंत. मी त्याचा अर्थ "हो" असा घेते.

आम्ही मुहूर्ताच्या आदल्या दिवशी येऊ. गाडीवान मुंजाजी बैलगाडीनं सेलूपर्यंत सोडील, तिथून आगगाडी. दत्तोपंतही बरोबर आहेत. बन्सीनं आगगाडी पाहिलेली नाही. मी त्याला रोज तोंडानं तिचा आवाज काढून दाखवते, म्हणजे स्टेशनात दचकायला नको. वाडीवस्तीच्या बायकांना वाटतं, मनकर्णाबाईही कामातून गेली.

भिक्षा मागायचे शब्द त्याला शिकवले. "भि" आणि "दे" एवढं येतं. मधलं देव समजून घेईल.

सोवळं धोतर मी धुऊन ठेवलं आहे. तुमच्या मुंजीतलंच आहे. सासूबाईंनी जपून ठेवलं होतं.

मनकर्णा


चारठाणा, वैशाख वद्य नवमी, शके १८६२

व्यंकटराव भावजी यांस.

पत्राला उशीर झाला. उजव्या हाताला लागलं होतं. इथं मी उंबऱ्यात पडले असं सांगितलं आहे.

तुम्ही तिथं होतात, तरी झालेलं लिहून ठेवते. कारण आम्ही निघत होतो तेव्हा तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात, की थोरल्याला रात्रीतून ताप भरला. ताप भरलेलं मूल मी पाहिलेलं आहे. मांडीवर पाहिलेलं आहे.

पहाटे तुमच्या सासूबाई सरपणाच्या खोलीत आल्या, जिथं माझं अंथरूण टाकलं होतं. फार गोड बोलल्या. "मनकर्णाबाई, तुम्ही आतच बसा हं. सवाष्णींची ये-जा सुरू झालीय. कुणी समोर आलं आणि काही बोललं तर तुम्हालाच वाईट वाटायचं." मी म्हटलं, भावजींशी माझं बोलणं झालंय. "हो हो, बघतील ना ते," म्हणाल्या आणि जाताना बाहेरून कडी लावली. तुमचा "बघू" मला तिथं समजला.

मला दिसलं काही नाही. ऐकू सगळं आलं. आधी त्यानं "कू" म्हटलं, विचारल्यासारखं. मग मोठ्यानं. न्हावी म्हणाला, "मान खाली घाल, मान!" मग पाट आपटल्याचा आवाज. "आरं धरा त्याला! हात धरा, चावायलाय!" कुणी तरी हसलं. कुणी म्हणालं, "येडंच हाय की हो हे, ह्याची कशाला मुंज?" आणि मग तुमचा आवाज. ओळखायला चूक होणार नाही, लहानपणापासून ऐकते आहे. "लवकर उरका," म्हणालात.

मी दार वाजवत होते. ते वाजंत्रीत कुणाला ऐकू गेलं नसेल, असं धरून चालते.

कडी सुमंगलेनं काढली. बन्सीला तिनंच माझ्यापाशी आणलं. निम्मं डोकं भादरलेलं, निम्मं तसंच. कानाला वस्तरा लागून गळ्यापर्यंत रक्त. धोतर भिजलेलं, तुमच्या मुंजीचं. स्वतःच्या नव्या लुगड्याचा पदर भिजवून तिनं त्याचा कान पुसला. नव्या लुगड्यावर रक्ताचा डाग घेऊन ती मांडवात कशी बसली असेल, देव जाणे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे दत्तोपंत आणि तुमचे सासरे बोलत होते. दत्तोपंत म्हणाले, "मुहूर्त टळायला नको. ज्येष्ठाच्या जागी पाटावर सुपारी ठेवू. तिच्यावर संस्कार केले की ज्येष्ठाचे झाले. तेवढी सोय आहे."

अप्पाराव म्हणाले, "अहो पंत, मग हे आधीच नाही का सांगायचं? एवढा तमाशा तरी टळला असता."

तेव्हा सुपारीची मुंज झाली. दोन पाट मांडले होते, तुम्ही शब्द पाळलात. एका पाटावर किशन, एका पाटावर सुपारी. तिच्यावर अक्षता पडल्या, तिला जानवं घातलं. ती रडली नाही, चावली नाही, पानाबाहेर सांडलं नाही. तुम्हाला हवा होता तसा थोरला मुलगा तुम्हाला मिळाला.

दुपारी किशन आमच्याकडे आला. लंगोटी, खांद्यावर झोळी. झोळीतला लाडू त्यानं बन्सीपुढं धरला आणि मला विचारलं, "काकू, हा माझा दादा आहे का?"

"हो."

"मग माझ्या शेजारी सुपारी का होती?"

"बाबांना विचार."

"विचारलं. बाबा म्हणाले, गप." मग तो बन्सीजवळ खाली बसला आणि म्हणाला, "ह्याचं निम्मंच डोकं केलंय. माझं सगळं केलं. दुखत नाही रे." आपल्या डोक्यावर त्यानं बन्सीचा हात ठेवला. कुणी तरी हाक मारली तशी पळत गेला.

तुम्ही त्या खोलीपर्यंत आला नाहीत. स्टेशनच्या टांग्यात आम्ही बसलो तेव्हा आलात. बन्सीच्या हातात पेढ्यांचा पुडा दिलात, त्याच्याकडे न बघता. तो तुमच्याकडे बघून हसला. त्याला राग धरता येत नाही. ते काम मी करते.

मनकर्णा


चारठाणा, कार्तिक शुद्ध दशमी, शके १८६२

व्यंकटराव यांस,

तुमचं पत्र आलं. दत्तोपंतांनी तुम्हाला कळवलं ते खरं आहे. मी केस ठेवले आहेत. तुम्ही लिहिता, वहिनींना या वयात ही अवदसा कुठून आठवली. कुठून ते सांगते.

परभणीहून आल्यावर बन्सी पंधरवडाभर ओसरीवर आला नाही. आश्रुबाची मात्र वेळ झाली, तो माझ्यासाठी आला. मी परसात पाट टाकून बसले. बन्सी गंजीमागं जाईल असं वाटलं होतं. तो गेला नाही. घरातून आला, सगळं अंग थरथरत होतं, माझ्या आणि आश्रुबाच्या मध्ये बसला आणि आपली मान खाली घालून डोकं आश्रुबापुढं केलं. ते निम्मं भादरलेलं डोकं. मागं हात करून मला ढकलत होता, तू जा म्हणून.

आश्रुबानं वस्तरा खाली ठेवला. "माय, ह्यो तर सोताचं डोस्कं पुढं करायलाय. तुमच्या बदल्यात."

मला दिसत होतं.

"जा आश्रुबा," मी म्हटलं. "आता बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

"गाव काय म्हनंल?"

"मला म्हणेल. तुला नाही ऐकावं लागणार."

पण त्यालाही ऐकावं लागलं. दत्तोपंतांनी त्याला ओट्यावरून उठवलं.

यात कुठलं पुस्तक वाचून आलेलं शहाणपण नाही आणि कुणा सुधारकाची शिकवण नाही. माझ्या डोक्यावर केस असावेत अशी हौस मला उरलेली नाही. मी मरेपर्यंत भादरून घेतलं असतं. पण ज्याला तुम्ही सगळ्यांनी काही कळत नाही असं ठरवलं, त्याला एवढं कळलं की भय वाटत असलं तरी दुसऱ्याच्या जागी आपलं डोकं ठेवता येतं. हे कळलेलं दुसरं माणूस मला आपल्या घराण्यात भेटलेलं नाही.

दत्तोपंत आता आमच्याकडे पाणी घेत नाहीत. हळदीकुंकवाचं बोलावणं मला आधीही नव्हतं, आता शेजारणी विहिरीवर माझी घागर निघेपर्यंत थांबतात. एक चतुराबाई येते. कुणब्याची बाई, तिला आमच्या सोवळ्याचं ओझं नाही. परवा म्हणाली, "बाई, तुमचे क्यास कुरळे हायती की! लय ब्येस दिसायलात." कुरळे होते, हे मीच विसरले होते.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी आहेत. एक, केस काढा नाहीतर घर सोडा. दुसरी, मुलाची "कुठेतरी" सोय लावू. हे कुठेतरी नावाचं गाव कोणत्या तालुक्यात आहे, तेवढं कळवा. परभणी जिल्ह्यात तरी मी ते ऐकलेलं नाही.

केस काढणार नाही. घर सोडणार नाही. याच घरात मी तुमच्या भावाची बायको म्हणून आले, याच घरात तुम्हाला भाकरी करून वाढली. मला बाहेर काढायचं तर धरावं लागेल, आणि मला धरलं की बन्सी मध्ये येईल, म्हणजे त्यालाही धरावं लागेल. माणसं आणा. तुम्हाला स्वतःला काही करावं लागणार नाही. तुम्ही ओसरीवर उभे राहा, नेहमीसारखे.

आणि सुमंगलेनं पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या आहेत. तुम्ही पाहिल्या नसाव्यात. किशन दादाला भेटायला मागतो, असं लिहिलंय. त्याला कधीही पाठवा.

मार्गशीर्षात रजा, तुमच्या दफ्तरातली ती रुखसत, घेऊन स्वतः येतो, असं म्हणता. बन्सीला मी अजून सांगितलेलं नाही. तो लगेच दारात जाऊन बसेल आणि तुम्ही येईपर्यंत उठणार नाही. म्हणून नक्की असेल तरच कळवा.

येणार असाल तर दिवसाउजेडी या. दारातूनच त्याचं नाव घ्या, मागून येऊ नका. माझ्या हातचं पाणी तुम्हाला चालायचं नाही, ते मी देणारही नाही. पाणी तो आणतो. तांब्या काठोकाठ भरतो आणि निम्मं वाटेत सांडतं. उरेल ते त्याच्यासमोर उभं राहून प्यायचं आणि त्याच्याकडे बघायचं. एवढं जमणार असेल तर या.

नसेल तर सेलूला उतरू नका.

मनकर्णा